परक्याची फाइल उघडणं हाच धंदा. मग मेलमधला व्हायरस अडवायचा कुठं?

दहिवडी असो, वडूज असो की पाटण, तहसील कचेरीच्या आसपासच्या झेरॉक्स आणि ऑनलाइन सेवा केंद्रांत दिवसभर एकच वाक्य ऐकू येतं. "मेल करा, प्रिंट काढून देतो." काउंटरच्या काचेवर दुकानाचा ईमेल आयडी मोठ्या अक्षरात चिकटवलेला असतो. पुण्या-मुंबईला नोकरीला असलेला पोरगा तिकडून वडिलांसाठी कागद पाठवतो, वकील करारनाम्याचा मसुदा पाठवतात, कुणी दाखल्याला लागणारी कागदपत्रं पाठवतं. दुकानदार पाठवणाऱ्याचं नाव बघत बसत नाही. बघून उपयोगही नसतो, कारण बहुतेक माणसं त्याच्या ओळखीची नसतात. फाइल आली, डबल क्लिक केलं, प्रिंट काढली, पुढचा नंबर.

कॉम्प्युटर व्हायरसपासून वाचवायचा तर अनोळखी माणसाची मेल उघडू नका, हा सल्ला गेली पंचवीस वर्षं दिला जातोय. घरच्या कॉम्प्युटरला तो ठीक आहे. पण ज्याचं पोटच अनोळखी माणसांच्या फाइली उघडण्यावर चालतं, त्यानं काय करायचं? ग्रामीण भागात ईमेलमधून येणाऱ्या व्हायरसचा प्रश्न नेमका इथं अडतो. "सावध राहा" एवढं सांगून सगळं केंद्र चालकाच्या अंगावर ढकलणं सोपं आहे. पण जुलैअखेरची पीक विम्याची गर्दी किंवा जूनमधली दाखल्यांची रांग ज्यानं पाहिली आहे, त्याला माहीत आहे की त्या गडबडीत प्रत्येक मेल तपासणं माणसाच्या हातात राहत नाही. म्हणून कॉम्प्युटरची मांडणीच अशी हवी, की चुकून वाईट फाइल उघडली गेली तरी नुकसान थोडक्यात आवरेल.

नाव एक, आत दुसरंच

मे २००० मध्ये फिलिपिन्समधून सुटलेला 'आय लव्ह यू' नावाचा व्हायरस ईमेलवरूनच जगभर पसरला होता. मेलसोबत प्रेमपत्राच्या नावाची एक फाइल यायची. वरवर ती साधी मजकुराची फाइल दिसायची, प्रत्यक्षात तो छोटा प्रोग्रॅम होता. उघडला की तो कॉम्प्युटरमधल्या फाइली बिघडवायचा आणि मेलच्या पत्त्यांच्या यादीतल्या सगळ्यांना स्वतःच स्वतःला पाठवायचा. म्हणजे पुढच्या माणसाला ती मेल ओळखीच्या माणसाकडूनच आलेली दिसायची. ओळखीच्याची मेल म्हणजे सुरक्षित मेल, हा समज तेव्हाच खोटा ठरला.

त्या व्हायरसची युक्ती आजही चालते. विंडोजमध्ये फाइलच्या नावाचं शेपूट, म्हणजे डॉट पीडीएफ किंवा डॉट ईएक्सई, मुळात लपवलेलं असतं. त्यामुळं 'वीजबिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' असं नाव दिलेली फाइल पडद्यावर नुसती 'वीजबिल डॉट पीडीएफ' दिसते. तिला पीडीएफचं चित्रही चिकटवलेलं असतं. शेवटचं शेपूट ईएक्सई असेल तर तो कागद नाही, चालणारा प्रोग्रॅम आहे. व्हीबीएस, जेएस, एससीआर आणि बॅट या शेपटांचंही तसंच.

जीमेलसारख्या मोठ्या सेवा आता ईएक्सई फाइल मेलमधून येऊच देत नाहीत. म्हणून चोरांनी वाट बदलली. मेलमध्ये फाइलऐवजी 'इथून डाउनलोड करा' असं बटण येतं. नाहीतर पासवर्ड घातलेली झिप फाइल येते आणि तिचा पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहिलेला असतो. कुलूप असल्यामुळं मेलच्या तपासणी यंत्रणेला आत डोकावता येत नाही. गावाकडं यात एक जास्तीचा धोका आहे. ई-आधारची पीडीएफ पासवर्ड टाकूनच उघडते. रोज तसे आधार उघडणाऱ्या चालकाला पासवर्डवाली फाइल दिसली की शंका येत नाही, उलट सरकारी कागद असल्याचा विश्वास वाटतो.

तिसरी वाट वर्ड आणि एक्सेलच्या फाइलींची. त्यांच्यात मॅक्रो नावाची छोटी आज्ञावली लपवता येते. फाइल उघडली की वर पिवळी पट्टी येते आणि 'एनेबल कंटेंट' दाबायला सांगते. ते बटण दाबणं म्हणजे चोराला आतून कडी काढून देणं. मायक्रोसॉफ्टनं २०२२ पासून इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो आपोआप बंद ठेवायला सुरुवात केली, पण ती सोय नव्या ऑफिसला आहे. कुठून तरी पेन ड्राइव्हवरून टाकलेल्या जुन्या ऑफिसला नाही.

बायोडाटा आला आणि बँक लुटली

एका फाइलनं काय होतं, असं वाटणाऱ्यांनी बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचं उदाहरण बघावं. फेब्रुवारी २०१६ मध्ये या बँकेचे ८.१ कोटी डॉलर चोरीला गेले. अमेरिकेच्या तपास यंत्रणेनं २०१८ मध्ये न्यायालयात मांडलेल्या माहितीनुसार, चोरांनी आधी बँकेतल्या कर्मचाऱ्यांना नोकरीसाठी अर्ज करत असल्याच्या मेल पाठवल्या होत्या. बायोडाटा बघायला म्हणून फाइल उघडली गेली आणि चोर आत शिरले. मग कित्येक महिने ते गप्प बसून बँकेचं कामकाज बघत राहिले. दार तोडण्याची वेळ त्यांच्यावर आलीच नाही.

आपल्याकडंही ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्यातल्या कॉसमॉस या सहकारी बँकेच्या यंत्रणेत मालवेअर घालून सुमारे ९४ कोटी रुपये काढले गेले. जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज या कंपनीच्या यंत्रणेवर खंडणीखोर व्हायरसचा हल्ला झाला, तेव्हा तिच्यावर अवलंबून असलेल्या सुमारे ३०० छोट्या बँकांचे ऑनलाइन व्यवहार थांबवावे लागले. त्यात सहकारी आणि ग्रामीण बँका होत्या. हा हल्ला ईमेलवरून झालेला नव्हता. पण त्यातून एक गोष्ट कळते. आपण छोटे, आपल्याकडं कोण येतंय, हा हिशोब चुकीचा आहे. व्हायरस माणूस बघून येत नाही, उघडं दार बघून येतो.

दुकानात चोरण्यासारखं काय आहे?

"आमच्या कॉम्प्युटरात काय ठेवलंय चोरायला?" हा प्रश्न हमखास विचारला जातो. तर कुठल्याही सेवा केंद्राच्या डाउनलोड फोल्डरमध्ये बघावं. आधार, पॅन, बँक पासबुकाचं पहिलं पान, सातबारा, जातीचा दाखला, फोटो, सही, सगळं एका माणसाचं एका जागी, आणि अशी शेकडो माणसं. प्रिंट काढून झाली की कागद गिऱ्हाईक घेऊन जातं, फाइल तिथंच राहते.

त्याहून मोठी गोष्ट पासवर्डची. काम पटकन व्हावं म्हणून चालक सगळ्या पोर्टलचे पासवर्ड ब्राउझरमध्ये सेव्ह करून ठेवतात. आजकाल मेलमधून येणारे बरेच व्हायरस पडद्यावर काहीच दाखवत नाहीत, कॉम्प्युटर हळूही होत नाही. ते ब्राउझरमधले पासवर्ड उचलतात आणि बाहेर पाठवून देतात. नंतर कुणाच्या तरी नावावर भलताच अर्ज निघतो आणि गाव केंद्र चालकाकडं संशयानं बघतं.

ग्रामपंचायतीत तर प्रश्न थेट पैशाचा आहे. १५ व्या वित्त आयोगाच्या निधीची देयकं ई-ग्रामस्वराज आणि पीएफएमएसवरून सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या डिजिटल सहीनं निघतात. ती सही पेन ड्राइव्हसारख्या टोकनमध्ये असते. नियमानं ती ज्याची त्याच्याकडं हवी. सोय म्हणून दोन्ही टोकनं परिचालकाच्या खणात, कधी तर कॉम्प्युटरलाच लावलेली राहतात, आणि पिन कीबोर्डखालच्या चिठ्ठीवर. त्याच कॉम्प्युटरवर दिवसभर मेल उघडल्या जात असतील तर तिजोरीची किल्ली दारालाच लटकवून ठेवल्यासारखं आहे.

विकास सोसायट्याही आता यात आल्या. देशातल्या ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला केंद्रानं जून २०२२ मध्ये मंजुरी दिली, त्यासाठी २,५१६ कोटींची तरतूद केली. सभासदांची कर्जखाती, वसुली सगळं कॉम्प्युटरवर येतंय. सोसायटीच्या कॉम्प्युटरवर परक्या मेलमधली फाइल उघडली गेली आणि खंडणीखोर व्हायरसनं तिथल्या फाइलींना कुलूप घातलं, तर ऐन कर्जवाटपात सचिवानं सभासदाला काय उत्तर द्यायचं?

जुनी विंडोज, चोरीचं ऑफिस

यामागं पैशाचं कारण आहे, ते झाकून चालणार नाही. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टनं सुरक्षेचे अपडेट देणं जानेवारी २०२० मध्ये थांबवलं. विंडोज १० चा नंबर १४ ऑक्टोबर २०२५ ला लागला, नोंदणी करणाऱ्यांना तेवढी पुढं मुदत मिळाली. तालुक्याच्या बाजारात अजून दोन्ही चालू आहेत. जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ बसत नाही, नवा घ्यायचा तर एका दाखल्यामागं मिळणाऱ्या पैशात तो परवडत नाही. मग दुरुस्तीवाला क्रॅक केलेली विंडोज आणि ऑफिस टाकून देतो. क्रॅक चालावा म्हणून आधी अँटिव्हायरस बंद करायला लावतो. व्हायरस मेलमधून यायच्या आधीच दार उघडून झालेलं असतं.

अँटिव्हायरसचं नाव निघालं की सातारकरांना अभिमान वाटतो. क्विक हीलचे कैलास काटकर याच जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे. पण कुठलाही अँटिव्हायरस माहीत असलेला चोर पटकन पकडतो, कालच तयार झालेला त्याच्या नजरेतून सुटू शकतो. तो राखणदार आहे. कुंपण आपल्यालाच घालावं लागतं.

बिनखर्चाचं कुंपण

यातली बरीच कामं फुकट होतात.

पहिलं, मेलमधला कागद डाउनलोड न करता जीमेलमध्येच उघडावा आणि तिथूनच प्रिंट द्यावी. कागद गूगलच्या पडद्यावर दिसतो, आपल्या कॉम्प्युटरवर काही चालत नाही. पीडीएफ आणि फोटोच पाठवा, असं काचेवरच्या आयडीखाली लिहिलं तर निम्मी कटकट मिटते. झिप आली तर गिऱ्हाईकाला फोन करून विचारावं.

दुसरं, फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करावं. लपलेलं शेपूट दिसायला लागतं.

तिसरं, रोजच्या कामाला अॅडमिनचे अधिकार नसलेलं वेगळं खातं करावं. काही नवीन बसवायचं तर मालकाचा पासवर्ड लागेल. यानं सगळे व्हायरस थांबत नाहीत, पण बऱ्याच जणांचा पाय दारात अडकतो.

चौथं, दोन कॉम्प्युटर असतील तर एक फक्त मेल आणि प्रिंटला, दुसरा पोर्टल, अंगठ्याचं यंत्र आणि टोकनला. जुना कॉम्प्युटर मेलसाठी ठेवायचा झाला तर त्यावर कुठलाही पासवर्ड किंवा कुणाचे कागद ठेवू नयेत. पोर्टलच्या कॉम्प्युटरवरही ब्राउझरमध्ये पासवर्ड सेव्ह करू नयेत. मेल खात्याला मोबाइलवरची दुहेरी खात्री लावावी. सही झाली की टोकन काढून ज्याचं त्यानं खिशात घालावं.

पाचवं, हिशोबाची प्रत आठवड्यातून एकदा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि डिस्क काढून कपाटात ठेवावी. लावून ठेवलेल्या डिस्कलाही व्हायरस कुलूप घालतो. गिऱ्हाईकांच्या फाइली रोज संध्याकाळी पुसाव्यात, रिसायकल बिनसकट.

संशय आलाच, तर आधी नेटची वायर काढावी, वाय-फाय बंद करावं. पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ कॉम्प्युटरवरून बदलावेत, त्याच मशीनवरून नव्हे. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करावा आणि बँकेला कळवावं. व्हायरस काढण्याची साधनं केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. खंडणी भरू नये. पैसे घेऊन कुलूप उघडेलच याची हमी चोर देत नसतो.

जबाबदारी एकट्या चालकाची नाही

परवानगीशिवाय दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस घालणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्यानं गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण व्हायरस पाठवणारा परदेशात बसलेला असतो आणि नुकसान इथल्या माणसाचं होतं. लोकांची माहिती गोळा करणाऱ्यावर ती सांभाळण्याची जबाबदारी टाकणारा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मग योजनांसाठी माणसाचा अंगठा आणि आधार मागणाऱ्या शासनानं तो ज्या कॉम्प्युटरवर घेतला जातो त्याची अवस्थाही बघायला हवी. पोर्टल बंद पडलं की चालकाला नोटीस जाते. त्याच्या मशीनला अधिकृत विंडोज आहे का, मेल आणि टोकनचा कॉम्प्युटर वेगळा आहे का, हे विचारायला वर्षातून एकदा तरी कुणी यावं. तालुक्याला एक दिवसाचं प्रशिक्षण ठेवावं, तेही पीक विम्याच्या गर्दीआधी. यासाठी मोठ्या निधीची गरज नाही.

गिऱ्हाईकानंही प्रिंट हातात पडली की एक वाक्य म्हणायला शिकलं पाहिजे. "माझी फाइल पुसली का?" चालकाला राग येण्याचं कारण नाही. आधार त्या माणसाचा आहे, आणि उद्या काही झालं तर नाव दुकानाचंच निघणार आहे.