माप घ्यावे, नक्कल करू नये

मेहरूणच्या एखाद्या कारखान्यात यंत्राचा भाग मोडला की आपला लेथवाला तुटलेला तुकडा मोजून नवा घडवतो. कंपनीचा नकाशा त्याच्याजवळ नसतो, माप असते. संगणकावरील खेळांतही अशी कारागिरी चालते. ऑनलाइन खेळाचा सर्व्हर कंपनीच्या ताब्यात. खेळाडूच्या संगणकावर असतो तो क्लायंट. दोघांमधील संदेशांची भाषा पारखून काही तरुण स्वतःचा क्लायंट लिहितात व त्याचा कोड सर्वांना खुला करतात.

ही चोरी आहे काय? आमच्या मते नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ (१) (एबी) स्वतंत्र प्रोग्राम दुसऱ्याशी जुळवण्यास आवश्यक व इतरत्र सहज न मिळणारी माहिती शोधू देते. मूळ प्रोग्राम मात्र कायदेशीर मार्गाने हाती आलेला हवा.

तरीही सर्व्हर परक्याचा, हे विसरू नये. २०१८ मध्ये ब्रिटनच्या जॅगेक्स कंपनीने आपल्या खेळाचा 'रनलाइट' हा खुला क्लायंट बंद करण्यास सांगितले. खेळाडूंनी ओरड केल्यावर कंपनीने माघार घेतली. प्रत्येक कंपनी अशी माघार घेईलच असे नाही.

म्हणून जळगाव-धुळ्याच्या मुलांनी हे कसब जरूर शिकावे. पण कंपनीचा कोड उतरवू नये, खेळात लबाडीची सोय करू नये आणि रोजीरोटी परक्या सर्व्हरवर टांगू नये. हेच कसब दुकानातील जुना वजनकाटा नव्या बिलिंगला जोडण्यासही कामी येते. त्याचे पैसे गिऱ्हाईक रोख देते.