मूल घरी शिकवायचं मनात असेल तर

तुमचं मूल पाच-सहा वर्षांचं आहे. त्याला शाळेत न घालता घरीच, त्याच्या कलाने शिकवावं असं तुमच्या मनात आहे. सासूबाई गप्प झाल्या आहेत आणि शेजारी नाकं मुरडतात. मुरडू द्या. विचार वाईट नाही, पण तयारी न करता उडी घेऊ नका.

आधी कायद्याचं बोलू. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. तो ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे. म्हणजे बालवाडीच्या वयात मूल घरी ठेवलंत तर कुणी तुम्हाला जाब विचारणार नाही. सहा वर्षांनंतर मात्र मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे, असं कायदा म्हणतो. न घातलं तर आईवडिलांना शिक्षा सांगितलेली नाही, पण घरी शिकवा अशी मोकळीकही कुठे लिहिलेली नाही. हे माहीत असूनच पुढे जा. आणि सहाच्या आतली वर्षं हाताशी असतील तर ती आजमावून बघायला वापरा.

आता आवडीचं. ‘तुला काय आवडतं?’ असं मुलाला विचारू नका. ते तुम्हाला खूश करणारं उत्तर देईल. त्यापेक्षा नुसतं बघा. न सांगता ते पुन्हा पुन्हा कशाकडे वळतं? मुंग्यांकडे, पिठाच्या गोळ्याकडे, की शेजारच्या गॅरेजकडे? मोबाइल यात धरायचा नाही. तो नाद लावलेला असतो, लागलेला नसतो.

समजा, तुमच्या मुलीला एसटीचं वेड आहे. घरात कुणी म्हणेल, याने काय पोट भरणार? तुम्ही तिला स्टँडवर घेऊन जा. गाडीची पाटी वाचायला लावू नका, फक्त आपली गाडी कोणती ते तिला शोधू द्या. गाडी चुकू नये म्हणून ती अक्षरं लावायला लागेल. मग वेळापत्रक. तिथे १४.३० लिहिलेलं असतं. घरच्या घड्याळात तर चौदा नाहीतच! हा प्रश्न ती स्वतः विचारेल, तोवर तुम्ही बोलू नका.

पुढे तिकीट. पाच वर्षं पूर्ण झाली की मुलांना एसटीत अर्धं तिकीट. २०२३ पासून बायकांनाही अर्धं. बाबांना मात्र पूर्ण. मग तिघांची मिळून पूर्ण तिकिटं किती झाली? आणि आईला अर्धं का, बाबांना का नाही? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना तुमचीच परीक्षा होईल.

घरी आल्यावर भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा लावा. आपण गेलो तो रस्ता तिला पेन्सिलीने ओढू द्या. पहिली एसटी १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला गेली, हे कधीतरी सहज सांगा. ते अंतर साधारण १२० किलोमीटर. आपलं गाव त्याहून लांब की जवळ, हे ती मोजेल. वाचन, हिशोब, भूगोल सगळं आलं, आणि धडा म्हणून एकही गोष्ट झाली नाही.

इथेच पुष्कळ आईवडील घोटाळा करतात. मुलीला एसटी आवडते म्हणताच एसटीचे तक्ते, एसटीची गाणी, एसटीच्या आकाराचा डबा, सगळं घरात येतं. पाहुण्यांसमोर ‘सांग गं, पहिली गाडी कुठे गेली?’ सुरू होतं. आठ दिवसांत तिचा रस संपतो. ते टाळा. आणि रस आपोआप संपला तर ओढून धरू नका. वेड बदलतं, अक्षरओळख राहते. म्हणून महागाच्या वस्तू घेऊ नका. स्टँडवर जायला फक्त तुमचा वेळ लागतो.

मुलाच्या कलाने शिकवायची ही कल्पना कुठून बाहेरून आली आहे असंही समजू नका. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणूच्या बाजूला बोर्डी आणि कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम केलं. मुलं गुरं चारायला कुरणात जातात म्हणून त्यांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा म्हणत तिला.

मात्र सगळं आवडीतूनच आपोआप येतं, असं म्हणणारे लोक भेटतील. मला ते पटत नाही. पाढे आणि हाताला लिहिण्याची सवय या गोष्टी रोज थोड्या कराव्याच लागतात. दहा-पंधरा मिनिटं पुरे. आणि रात्री झोपताना मोठ्याने वाचून दाखवा, एकही दिवस न चुकवता. पुस्तकांसाठी खर्च नको. बालभारतीची पाठ्यपुस्तकं तिच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात.

आता घरातलं खरं बोलू. हे करणार कोण? आईने नोकरी सोडायची, दिवसभर मुलामागे राहायचं, आणि बाबांनी संध्याकाळी येऊन ‘आज काय शिकवलंस?’ विचारायचं, असा बेत असेल तर सुरूच करू नका. वर्षभरात आई वैतागेल आणि मूल ते ओळखेल. कोणत्या वेळी मूल कुणाकडे, हे आधी कागदावर लिहा. आजी-आजोबांना त्यात धरा, पण त्यांना विचारून.

मूल एकटं पडू देऊ नका. शाळेतली मुलं चार-पाचला घरी येतात. त्या वेळी तुमचं मूल मैदानात असलं पाहिजे. भांडणं होतील, होऊ द्या.

एक वही करा. तारीख, मुलाने काय विचारलं, काय केलं, एवढंच. जन्मदाखला जपा. मूल थोडे दिवस शाळेत गेलं असेल तर शाळा सोडल्याचा दाखलाही जपा. पुढे १७ नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून, दहावीला बसायचं झालं तर तो मागतात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतूनही १४ वर्षं पूर्ण झाल्यावर दहावी देता येते.

परतीची वाट उघडी आहे हेही लक्षात ठेवा. सहा ते चौदा वयाचं मूल कधीही शाळेत आलं तरी त्याला वयाप्रमाणे वर्गात घ्यायचं, मागे असेल तर त्याची जास्तीची तयारी करून घ्यायची, हे त्याच शिक्षण हक्क कायद्यात आहे. म्हणून दर सहा महिन्यांनी दोघांनी बसून विचार करा. मूल खुशीत नसेल, किंवा तुम्ही थकला असाल, तर खुशाल शाळेत घाला. कुणी हसलं तर हसू द्या. स्टँडवर रविवारीही जाता येतं.