कष्टकऱ्यांच्या डोळ्यातले फूल

ऊस तोडताना पाचटाचे पाते डोळ्याला लागते, खडी फोडताना कपची उडते. मजूर डोळा चोळतो आणि पुन्हा कामाला लागतो, कारण खाडा पडला की मजुरी बुडते. त्या ओरखड्यात बुरशी किंवा जिवाणू शिरतात, बुबुळावरचा पारदर्शक पडदा म्हणजे कॉर्निया सडतो आणि डोळ्यात फूल पडते. हे अंधत्व पूर्वजन्मीच्या पापाचे फळ नव्हे. कोणी उन्हात राबायचे आणि कोणी सावलीत बसायचे, हे ठरविणाऱ्या व्यवस्थेची ती देणगी आहे.

यावर उपाय कॉर्निया बदलण्याचा. पण २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीनुसार गरजू ७० जणांमागे एकच कॉर्निया मिळतो. म्हणून स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी डुकराच्या कातडीतील कोलॅजन या प्रथिनापासून कृत्रिम पडदा बनविला. भारत व इराणमधील २० रुग्णांना तो बसविला. २०२२ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले. आधी अंध असलेल्या १४ जणांना दिसू लागले होते. जे जनावर पाळले म्हणून माणसाचा विटाळ मानला गेला, त्याच्याच कातडीने दृष्टी दिली! मनुवाद्यांनी याचा विचार करावा.

मात्र त्या रुग्णांचा कॉर्निया आजाराने पातळ झालेला होता, संसर्गाने सडलेला नव्हता. संसर्गाने गेलेल्या डोळ्यात नवा पडदाही पुन्हा जंतूंच्या तावडीत सापडण्याचा धोका असतो. म्हणून जंतूंना दाद न देणारा पडदा हा आपला प्रश्न आहे. मानवी शरीरातच तयार होणारे एलएल-३७ हे जंतुरोधक द्रव्य कोलॅजनच्या पडद्यातून हळूहळू सोडण्याचा प्रयोग २०१४ मध्ये प्रयोगशाळेत झाला, पण तो हर्पिस विषाणूविरुद्ध. शेतातल्या बुरशीसाठी असे संशोधन सरकारी पैशातून झाले पाहिजे. मजुराच्या डोळ्यात नफा दिसत नाही, तिथे कंपन्या स्वतःहून येणार नाहीत.

तोवर हातावर हात ठेवून बसायचे काय? नेपाळमधील भक्तपूर येथे गावातल्या कार्यकर्त्यांनी ओरखडा पडल्यापासून १८ तासांच्या आत क्लोरॅम्फेनिकॉलचे साधे मलम सुरू केले, त्यांतील एकाच्याही डोळ्यात व्रण झाला नाही. हे २००१ मध्येच प्रसिद्ध झाले आहे. असे मलम वाडीवस्तीवर आणि ऊसतोडीच्या फडावर पोहोचले पाहिजे.

सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य असल्याचे घटनेचे कलम ४७ सांगते. चाचणीला भारतातील रुग्ण चालतात, तर उद्या तयार होणारा पडदा जिल्हा रुग्णालयात मोफत का मिळू नये? बांधवांनो, ही भीक नाही, हक्क आहे. तो संघटित होऊनच मागावा लागेल.