नवखा खेळाडू का टिकतो?

ऑनलाइन खेळाचे आयुष्य त्यात नव्याने येणाऱ्या माणसांवर अवलंबून असते, याविषयी फारसे दुमत नाही. वाद आहे तो नवख्याला टिकवावे कसे याविषयी, आणि त्या वादातील दोन प्रमुख मते 'ईव्ह ऑनलाइन' या खेळावर चांगली कसाला लागतात. सीसीपी या आइसलँडमधील कंपनीने ६ मे २००३ रोजी सुरू केलेल्या या अंतराळयुद्धाच्या आणि व्यापाराच्या खेळात, चीनसाठीचा स्वतंत्र सर्व्हर वगळता, जगभरचे सारे खेळाडू एकाच विश्वात वावरतात. एकदा फुटलेले जहाज परत मिळत नाही, बहुतेक जहाजे खेळाडूंनीच खनिजे खणून आणि कारखाने चालवून बांधलेली असतात, आणि पात्राची कौशल्ये घड्याळाच्या खऱ्या वेळेनुसार, खेळाडू झोपलेला असला तरी, वाढत राहतात. त्यामुळे आज दाखल होणाऱ्या माणसाची गाठ पहिल्याच दिवशी वीस-वीस वर्षे मुरलेल्यांशी पडते.

जुन्याजाणत्यांचा पूर्वपक्ष असा की, काठिण्य हाच या खेळाचा प्राण असल्यामुळे त्याची धार बोथट करू नये. ज्याच्यात दम असेल तो टिकेल, बाकीच्यांनी दुसरा खेळ शोधावा. पुरावा म्हणून कंपनीनेच २०१५ च्या फॅनफेस्टमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या मेळाव्यात, मांडलेली पाहणी पुढे केली जाते. सुमारे ८० हजार नव्या खेळाडूंच्या पहिल्या १५ दिवसांच्या नोंदी तपासल्या असता, ज्यांचे जहाज दुसऱ्या खेळाडूने फोडले होते ते, ज्यांना कोणी हातही लावला नव्हता त्यांच्यापेक्षा अधिक प्रमाणात टिकलेले दिसले. ही पाहणी नाकारण्याचे कारण नाही, पण तिच्यावरून काढलेला निष्कर्ष उभा राहत नाही. जो धोक्याच्या प्रदेशात शिरतो, तासन्‌तास खेळतो, इतरांबरोबर हिंडतो, त्याचेच जहाज फुटण्याचा संभव अधिक. म्हणजे जहाज फुटल्यामुळे तो टिकला असे नसून, मुळातच तो खेळात रमल्यामुळे त्याचे जहाज फुटले, असेही तितक्याच अधिकाराने म्हणता येते. शिवाय त्याच पाहणीतील दुसरी बाब सोयीस्करपणे वगळली जाते: बहुसंख्य नवख्यांना पहिल्या पंधरवड्यात कोणीही मारले नव्हते. तेव्हा सोडून गेलेल्यांपैकी बहुतेक जण मार खाऊन गेले नाहीत; त्यांचा कोणाशी संबंधच आला नाही, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

खेड्यात पोराला पोहायला शिकवताना विहिरीत ढकलतात हे खरे, पण त्याच्या पाठीला सुकलेला भोपळा किंवा रिकामा डबा बांधलेला असतो आणि ढकलणारा काठावरून निघून जात नाही. काठिण्य आणि निव्वळ अडवणूक यांतला भेद या पक्षाला करता येत नाही, हा त्याचा खरा दोष आहे. पूर्वी या खेळात 'लर्निंग स्किल्स' नावाची कौशल्ये होती. त्यांचा उपयोग एवढाच की, ती शिकल्यावर इतर कौशल्ये लवकर शिकून होत. साहजिकच नवख्याला सल्ला मिळे तो आधी हीच शिकून घेण्याचा, म्हणजे नव्या उमेदीचे पहिले आठवडे वाट पाहण्यात घालवण्याचा. डिसेंबर २०१० मध्ये कंपनीने ती काढून टाकली, आणि त्यामुळे एकही लढाई सोपी झाली नाही.

दुसरा पूर्वपक्ष याच्या उलट टोकाचा आहे. खेळाच्या आरंभी दिला जाणारा मार्गदर्शक पाठ, ज्याला ट्युटोरियल म्हणतात, तो सुबोध केला आणि दरवाजा फुकट उघडला की नवखे आपोआप टिकतील, असे त्याचे म्हणणे. नोव्हेंबर २०१६ पासून 'अल्फा क्लोन' या मर्यादित कौशल्यांच्या पात्रासह हा खेळ विनामूल्य खेळता येतो, आणि हा निर्णय स्वागतार्हच होता. परंतु ट्युटोरियल बटणे शिकवते, माणसे शिकवत नाही. मालवाहू जहाज कसे भरावे हे ते सांगेल. पण जिता या सर्वांत गजबजलेल्या बाजारपेठेच्या वाटेवर त्या जहाजातील माल परके खेळाडू यंत्राने तपासतात, माल मोलाचा दिसला तर स्वतःची जहाजे गमावण्याची तयारी ठेवून हल्ला करतात, आणि कॉनकॉर्ड हे खेळातील पोलीसदल हल्ला रोखत नाही, केवळ नंतर हल्लेखोराला शासन करते, हे जाणत्या सोबत्याकडूनच वेळेवर कळते. जे गमावणे परवडणार नाही ते जहाज चालवू नये, हा तेथील सर्वश्रुत नियम पडद्यावर शंभरदा दाखवला तरी तो उमगतो तो पहिली भरलेली खेप लुटली गेल्यावर. त्या क्षणी कोणी बोलायला असले तर माणूस थांबतो, नाहीतर खेळ बंद करतो.

म्हणून नवख्याला टिकवणारी गोष्ट म्हणजे चालत्या गटात पहिल्या आठवड्यातच मिळालेले खरे काम, हाच सिद्धान्त येथे मांडावयाचा आहे. असे काम या खेळात आहे आणि ते हलके नाही. फ्रिगेट या वर्गातील लहानसे, स्वस्त जहाज घेऊन, त्यावर 'वॉर्प डिसरप्टर' हे शत्रूचे पलायन अडवणारे यंत्र बसवून नवखा ताफ्याच्या पुढे धावतो, कितीतरी पटींनी मोठ्या जहाजापासून सुमारे २० किलोमीटरच्या आत पोहोचतो आणि यंत्र चालू करतो. ते जहाज आता उडी मारून निसटू शकत नाही, आणि मागून येणाऱ्या जुन्या खेळाडूंना ते गाठण्यासाठी हवे असलेले काही क्षण मिळतात. त्यात त्याचे फ्रिगेट बहुधा फुटते, पण ताफ्यातील सर्वांना त्याचे नाव ठाऊक झालेले असते. २००४ मध्ये खेळाडूंनीच स्थापन केलेली 'ईव्ह युनिव्हर्सिटी' वर्ग घेते, शंका फेडते आणि नवख्यांना अशा ताफ्यांत नेते. गूनस्वॉर्म या खेळाडूंच्या आघाडीने तर 'रिफ्टर' या फ्रिगेटमध्ये बसवलेल्या नवख्यांचे थवेच्या थवे मातब्बरांवर सोडून त्यांना हैराण केले होते.

यावर एक आक्षेप वजनदार आहे: नवखा म्हणून येणारा शत्रूचा हेर असू शकतो, आणि या खेळात हेरगिरी नित्याची आहे. तथापि फेब्रुवारी २००९ मध्ये 'बँड ऑफ ब्रदर्स' ही बलाढ्य आघाडी एका फितुराने विसर्जित केली, तेव्हा तो कोणी कालचा पोर नव्हता. आघाडी मोडण्याचे अधिकार हाती असलेला संचालक होता. धोका अधिकार वाटण्यात आहे, जहाज वाटण्यात नाही. नवख्याला कोठाराच्या किल्ल्या देऊ नयेत, पण एक फ्रिगेट आणि ताफ्यात जागा देण्याने कोणतीही आघाडी बुडत नाही.

तेव्हा 'किमान इतके कौशल्यगुण असल्याशिवाय अर्ज करू नये' अशी अट घालणाऱ्या गटप्रमुखांनी ती अट आजच काढावी, आणि कंपनीने नवख्यांची मोजदाद करताना किती जणांनी ट्युटोरियल पुरे केले याआधी किती जण पहिल्या आठवड्यात एखाद्या ताफ्याबरोबर निघाले, हे मोजावे.