यंत्राची हिवाळी रजा

न्यू जर्सीत आमच्या चिरंजीवांकडे गवत कापण्याचे, वर बसून चालवायचे यंत्र आहे. हिवाळ्यात गवत वाढेनासे झाले की ते गॅरेजमध्ये स्वस्थ उभे असते. गेल्या वर्षी टाकीत जुने पेट्रोल तसेच राहिले आणि वसंतात यंत्र सुरूच होईना. कार्ब्युरेटर चिकट थराने तुंबला होता. तेथील पेट्रोलमध्ये बहुधा १० टक्के इथेनॉल असते व ते ओलावा ओढून घेते. दुरुस्तीचे बिल पाहून माझ्यातील बँक अधिकारी जागा झाला!

यंदा ताज्या पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर मिसळून इंजिन दहा मिनिटे अंगणात चालवले, म्हणजे ते मिश्रण कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचते. बॅटरी पूर्ण चार्ज करून काढून ठेवली. उतरलेली बॅटरी कडाक्याच्या थंडीत गोठते. नंतर पात्याभोवती चिकटलेले गवत खरवडायचे होते, कारण गंज तेथूनच धरतो. "बाबा, किल्ली काढली आहे," असे म्हणत चिरंजीव खाली वाकले. स्पार्क प्लगची तार सोडवेपर्यंत मी त्यांना पात्याला हात लावू दिला नाही.

पात्याची पातळी जुळवणे मात्र वसंतावर सोपवले. थंडीत टायरमधील हवा कमी होते, आणि दोन्ही बाजूंची हवा सारखी असल्याखेरीज ते माप घेणे व्यर्थ.