पाण्याला दार ठेवलेले देऊळ



देवळात गेले की आपण आधी कळस पाहतो. जपानातल्या मियाजिमा बेटावरच्या देवळात मी मात्र पायांखालच्या फळ्याच पाहत राहिलो. त्याचे कारण सांगतो.

माझा पुतण्या हिरोशिमाकडे नोकरीला आहे. त्याच्या आग्रहावरून गेल्या कार्तिकात तिकडे जाणे झाले. आगगाडीने मियाजिमागुची गाठायचे आणि तेथून बोटीने दहा मिनिटे, की बेट आले. मागे ५३५ मीटर उंचीचा मिसेन डोंगर, त्यावर गर्द झाडी आणि पुढे किनाऱ्यावर खांबांवर उभे असलेले तांबडे इत्सुकुशिमा देऊळ.

"काका, आता ओहोटी आहे. दुपारी भरती आली की देऊळ तरंगल्यासारखं दिसेल," पुतण्या म्हणाला. तसेच झाले.

हे सारे बेटच पवित्र, म्हणून देऊळ भरतीच्या पाण्यात बांधले, असे तिकडे सांगतात. तिथल्या देवता म्हणजे समुद्राच्या तीन बहिणी. मला आपल्या विहिरीवरच्या साती आसरा आठवल्या. देवळाची आजची मांडणी तायरा नो कियोमोरी या सरदाराने ११६८ च्या सुमारास करविली.

देवळासमोर समुद्रात सुमारे १६ मीटर उंचीची लाकडी कमान आहे. तिला तोरी म्हणतात. आजची कमान १८७५ सालची. तिचे मुख्य खांब कापराच्या झाडाचे आहेत आणि ते समुद्रतळात पुरलेले नाहीत. खाली लाकडी खुंट ठोकून पाया घट्ट केला आहे आणि माथ्यावरच्या पोकळ तुळईत दगड भरले आहेत. कमान उभी आहे ती स्वतःच्या भारावर.

आता त्या फळ्यांविषयी. देवळाच्या ओवऱ्यांची जमीन लाकडी, पण दोन फळ्यांत मुद्दाम फट ठेवलेली. वादळात समुद्र फुगला की पाणी त्या फटींतून वर येते आणि त्याचा जोर मोडतो. जमीन सलग ठोकली असती, तर लाटेने ती खालून उचलून फेकली असती. एवढे करूनही १९९१ आणि २००४ च्या वादळांत मोडतोड झालीच. तिथल्या लोकांनी देऊळ पुन्हा दुरुस्त केले.

पाणी डोंगराकडूनही आले होते. १७ सप्टेंबर १९४५ रोजी, हिरोशिमावर अणुबाँब पडून जेमतेम सहा आठवडे झालेले असताना, मोठ्या वादळात मोमिजिदानी ओढ्याने दगडमाती आणून देवळात लोटली. पुढे १९४८ ते १९५० या काळात त्या ओढ्यावर बंदोबस्ताचे काम झाले. झाड तोडायचे नाही, मोठे दगड फोडायचे नाहीत, बाहेरून दगड आणायचे नाहीत आणि काँक्रीट उघडे दिसू द्यायचे नाही, असे नियम करून ते काम केले. आज तिथे फिरताना ती बाग वाटते, पण खरे तर ते मृद्‌संधारणाचे काम आहे.

त्या ओढ्याकाठी बसलो आणि १९९८ सालचा एक नाला डोळ्यांपुढे आला. मी नोकरीत नवा होतो. मातीच्या बांधाचा सांडवा आखला त्यापेक्षा अरुंद ठेवला. शेजारच्या शेतकऱ्याची दोन गुंठे जमीन वाचावी, म्हणून त्याने गळ घातली आणि मी मान डोलावली. पहिल्याच मोठ्या पावसात बांध फुटला. खालच्या एका म्हाताऱ्याचे अर्धा एकर रान मुरुमाखाली गेले. तो रागावला नाही. एवढेच म्हणाला, "साहेब, पाण्याला दार ठेवायचं राहिलं व्हय?" त्या अर्ध्या एकराला पुन्हा माती धरायला किती वर्षे लागली, ते मी पाहिले आहे. चूक माझी होती.

तेव्हा मंडळी, मृगापूर्वी आपल्या बांधावर एक चक्कर टाका. सांडव्यात काट्याकुट्या, गवत वा गाळ साचला असेल तर काढून टाका. एक तास जास्त निघावे म्हणून सांडव्यात नांगर घालू नका. उंदीर-घुशींची बिळे बुजवा. बांध उंच करण्याआधी सांडवा रुंद आहे ना, ते पाहा. पाणी अडवायचे खरे, पण जास्तीच्या पाण्याला वाटही द्यायची.

परत निघालो तेव्हा भरती ओसरत होती. फळ्यांच्या फटींतून खालचे पाणी दिसत होते. पुतण्या फोटो काढत होता आणि माझ्या डोळ्यांपुढे त्या म्हाताऱ्याचे रान होते.