तरुणांच्या मधुमेहाचा प्रकार आधी ठरवा



१४ नोव्हेंबरचा जागतिक मधुमेह दिन जवळ आला की मोफत शुगर तपासणीची शिबिरे लागतात. ती लागलीच पाहिजेत. पण बोटाला सुई टोचून एवढेच कळते की साखर वाढली आहे. ती कशामुळे वाढली हे त्या यंत्राला सांगता येत नाही, आणि विशी-तिशीतल्या रुग्णाचा पुढचा सगळा उपचार त्यावरच ठरतो. हा प्रश्न आपल्याकडे पुरेशा गांभीर्याने विचारला जात नाही, म्हणून हे पत्र.

माझा भाचा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे. चोविसाव्या वर्षी त्याचे वजन झपाट्याने उतरू लागले, रात्री लघवीसाठी वारंवार उठावे लागे. आधी टीबीची शंका आली; थुंकी आणि एक्स-रे दोन्ही स्वच्छ निघाले. मग शुगर निघाली. त्याच भेटीत कागदावर ‘टाइप टू’ लिहिले गेले आणि गोळ्या सुरू झाल्या. भात बंद, बटाटा बंद, सकाळी कारल्याचा रस. तरी साखर उतरेना, तेव्हा दोष त्याच्यावर आला : पथ्य पाळत नसशील, कॅन्टीनमध्ये वडापाव खात असशील. काही महिन्यांनी उलट्या आणि पोटदुखी होऊन तो आयसीयूत दाखल झाला. तिथे कीटोन तपासले गेले, पुढे अँटीबॉडी पाहिल्या, आणि हा टाइप वन, म्हणजे शरीरातले इन्शुलिनच संपत जाणारा मधुमेह, असल्याचे निष्पन्न झाले. इन्शुलिन सुरू झाल्यावर पोरगा पंधरवड्यात सावरला. पहिल्या डॉक्टरांवर मला राग काढायचा नाही. त्यांनी अंदाज केला, आणि तसा अंदाज होण्याला आपल्याकडे कारणेही आहेत.

युरोपात सडपातळ तरुणाला मधुमेह झाला की टाइप वनची शंका लगेच येते. आपल्याकडे हा ठोकताळा चालत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आपले आणि ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन यडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले होते. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. पण यडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! दिसायला बारीक, आतून स्थूल अशी आपली ठेवण आहे, आणि म्हणून टाइप टू आपल्याला कमी वयात, कमी वजनातही गाठतो. याचा अर्थ असा की नाशिकमधल्या पंचविशीतल्या बारीक मुलाला टाइप वन असू शकतो, टाइप टूही असू शकतो. नुसत्या नजरेने ते ठरवणे चांगल्या डॉक्टरलाही अवघड आहे. तपासणीची गरज जिथे सर्वांत जास्त, तिथेच आपण ती टाळतो आहोत.

वयावरही भिस्त ठेवता येत नाही. टाइप वन म्हणजे लहान मुलांचा मधुमेह, ही समजूत अजून घट्ट आहे. इंग्लंडच्या एक्झेटर विद्यापीठाने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ब्रिटनमधील साठीपर्यंतचे रुग्ण तपासले, तेव्हा जनुकीय निकषांवर ओळखलेल्या टाइप वनपैकी ४२ टक्के प्रकरणे तिशीनंतर सुरू झालेली आढळली. थेरेसा मे यांना २०१२ मध्ये, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी मधुमेह निघाला. त्यांनाही आधी टाइप टू समजून गोळ्या दिल्या गेल्या; गुण येईना तेव्हा पुन्हा तपासण्या झाल्या आणि टाइप वन असल्याचे कळले. त्या वेळी त्या ब्रिटनच्या गृहमंत्री होत्या. त्यांच्या बाबतीत असे होऊ शकते, तर सुरगाण्याहून एसटीने येणाऱ्या मुलाचे काय?

‘गोळीने साखर उतरतेय ना, मग प्रकाराशी काय करायचे?’ असे मला बऱ्याच जणांनी विचारले. तरुणपणी होणारा टाइप वन अनेकदा हळू चालतो. सुरुवातीचे काही महिने, क्वचित काही वर्षे, स्वादुपिंडात थोडे इन्शुलिन शिल्लक असते आणि गोळीने भागल्यासारखे वाटते. मग एखादा ताप किंवा जुलाब निमित्त होतो आणि कीटोन साठून रक्त आम्लधर्मी होते व जीव धोक्यात येतो. त्यात आता नवी भर पडली आहे. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या, डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन, पेटंट संपल्यामुळे (पहिलीचे २०२० मध्ये, दुसरीचे मार्च २०२५ मध्ये) खूप स्वस्त झाल्या. टाइप टूच्या रुग्णाच्या हृदयाला आणि मूत्रपिंडाला त्या मोठा आधार देतात, हे चांगलेच झाले. पण न ओळखलेल्या टाइप वनमध्ये याच गोळ्यांनी कीटोन वाढतात, तेही साखर फारशी चढलेली नसताना. ग्लुकोमीटर बरा आकडा दाखवतो आणि रुग्ण घरी पडून राहतो. औषधे जितकी सहज मिळू लागली, तितकी चुकीच्या निदानाची किंमत वाढली आहे.

चूक उलट बाजूनेही होते. ‘मोडी’ नावाचा एका जनुकातील दोषामुळे होणारा मधुमेह पिढ्यान्‌पिढ्या चालतो. त्याच्या काही प्रकारांत स्वस्त, जुनी गोळी पुरते, तरी माणूस टाइप वन समजून वर्षानुवर्षे सुया घेत राहतो. स्वादुपिंडात खडे होऊन होणारा मधुमेह वेगळा. तो पोटाच्या एक्स-रेत किंवा सोनोग्राफीत दिसू शकतो, पण त्यासाठी आधी ती करायला हवी. शिवाय एप्रिल २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने बँकॉकच्या अधिवेशनात कुपोषणातून होणाऱ्या मधुमेहाला ‘टाइप फाइव्ह’ म्हणून मान्यता दिली. या वर्गीकरणावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. पण पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर हे तालुके ज्या जिल्ह्यात आहेत, तिथे या वादाकडे लांबून बघत बसणे परवडणारे नाही.

सर्वांच्या सगळ्या तपासण्या करा, असे माझे म्हणणे नाही. पस्तिशीच्या आत शुगर निघाली की पहिल्याच दिवशी लघवीतले कीटोन पाहावेत. त्याची पट्टी महाग नसते. वजन किती उतरले, घरात कोणाकोणाला आहे, थायरॉइडसारखा विकार आहे का, हे विचारावे. शंका येताच गॅड अँटीबॉडी आणि शरीर स्वतःचे इन्शुलिन किती बनवते ते दाखवणारे सी-पेप्टाइड करावे. या तपासण्याही सर्वज्ञ नाहीत. टाइप वनमध्येही अँटीबॉडी कधीकधी सापडत नाहीत, आणि साखर खूप चढलेली असताना सी-पेप्टाइड फसवे येऊ शकते. म्हणून उत्तर मिळेपर्यंत फाइलीवर ‘प्रकार अनिश्चित’ असे स्पष्ट लिहावे. तसे लिहिण्यात डॉक्टरचा कमीपणा नाही. चुकीचा शिक्का मात्र रुग्ण दवाखाना बदलतो तसा त्याच्यासोबत फिरतो, आणि पुढचा डॉक्टर तो खराच धरून चालतो.

सरकारी तपासणी मोहिमेत आशाताई फॉर्म भरतात तो तीस वर्षांवरील माणसांचा. तिशीच्या आतला तरुण त्या जाळ्यात येतच नाही. टीबीच्या प्रत्येक रुग्णाची शुगर तपासण्याचे धोरण आहे. मग वजन उतरल्यामुळे आलेला आणि टीबी नसलेला तरुणही शुगर पाहिल्याशिवाय परत जाऊ नये. जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस तरुण मधुमेहींसाठी ठेवावा आणि अँटीबॉडी, सी-पेप्टाइडचे नमुने तिथूनच पाठवण्याची सोय सरकारी खर्चाने करावी. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच शहरात, म्हसरूळला आहे. राज्यभरातले डॉक्टर त्याच्या अभ्यासक्रमातून घडतात. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२२ मध्ये टाइप वनसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या गावोगावच्या जनरल प्रॅक्टिशनरपर्यंत मराठीतून नेण्याचे काम या विद्यापीठाने हाती घ्यावे.

आणि घरच्यांना एक विनंती. इन्शुलिन म्हणजे शेवटची पायरी, हे मनातून काढून टाका. लग्न जमणार नाही या भीतीने मुलीची सुई लपवू नका. पथ्य पाळूनही साखर उतरत नसेल आणि वजन घटतच असेल, तर मुलाला बोल लावण्याआधी डॉक्टरांना एवढे जरूर विचारा : याचा मधुमेह कोणत्या प्रकारचा, आणि ते कोणत्या तपासणीवरून ठरवले?

— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक